डोम कॅमेरा : अंतर्गत व बाह्य प्रकारांची निवड

डोम कॅमेरा किंवा घुमट कॅमेरा हा सीसीटीव्ही यंत्रणेतील कॅमेऱ्याचा एक प्रकार आहे. यात भिंग व प्रतिमा-संवेदक पारदर्शक अथवा धुरकट अर्धगोलाकार आवरणाखाली बसवलेले असतात. उत्पादक या कॅमेऱ्यांची विभागणी साधारणपणे अंतर्गत आणि बाह्य अशी करतात. बाह्य प्रकाराला पाणी, धूळ व आघात सोसणारे मजबूत कवच असते. बंदिस्त, वातानुकूलित कार्यालयाच्या बाबतीत ही विभागणी पुरेशी ठरते. दक्षिण व मध्य मुंबईतील गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत मात्र ती जशीच्या तशी लागू पडत नाही. चाळीची गॅलरी छपराखाली असते, पण एका बाजूने उघडी असते. जिना इमारतीच्या आत असतो, पण त्याला दार नसते. दुकानाचा गाळा बंदिस्त असतो, पण शटर वर गेले की रस्ताच आत येतो. त्यामुळे येथील निवड वेष्टनावरील 'इनडोअर' वा 'आउटडोअर' या शब्दापेक्षा त्या विशिष्ट जागी पावसाची झड पोहोचते का, माणसाचा हात पोहोचतो का, खारा वारा लागतो का आणि उजेड कोणत्या बाजूने येतो, यांवर ठरते.

पार्श्वभूमी

२६ नोव्हेंबर २००८ रोजीच्या दहशतवादी हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबईत सीसीटीव्हीचे जाळे उभारण्याची शिफारस केली. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजार, ऑपेरा हाउस व दादर येथे बॉम्बस्फोट झाले तेव्हा हे जाळे अद्याप उभे राहिले नव्हते. २०१५ मध्ये सुमारे ९४९ कोटी रुपयांचे कंत्राट लार्सन अँड टुब्रो कंपनीला देण्यात आले आणि २ ऑक्टोबर २०१६ रोजी १,५१० ठिकाणी बसवलेल्या सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांसह प्रकल्पाचे लोकार्पण झाले.

या शासकीय जाळ्याची नजर रस्त्यांवर व चौकांवर असते. चाळीचा चौक, वाडीचा बोळ, सोसायटीचे प्रवेशद्वार, दुकान, मंडळाचा मंडप यांची निगराणी रहिवासी, दुकानदार व मंडळे स्वखर्चाने करतात. त्यासाठी लागणारे साहित्य बहुधा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरील, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरील, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून येते. डोम प्रकाराला तेथे मागणी असण्याचे एक कारण असे की तो आटोपशीर असतो, छताला चिकटून बसतो आणि त्याचे भिंग नेमके कोणीकडे वळलेले आहे हे खालून पाहणाऱ्याला चटकन कळत नाही. हाच गुण पुढे शेजाऱ्यांमधील वादाचे कारणही ठरतो (पहा : गोपनीयता).

रचना

अंतर्गत डोम कॅमेऱ्याचे बूड बहुतेक वेळा प्लास्टिकचे असते. त्यावर भिंगाचा फिरता गोळा, अवरक्त दिव्यांचे कडे आणि वरून पातळ घुमट अशी मांडणी असते. घुमट पीळ देऊन किंवा एकदोन स्क्रूंनी बसतो आणि त्याच्या कडेला रबरी सील असेलच असे नाही. बाह्य प्रकारात ओतीव ॲल्युमिनियमचे बूड, जाड पॉलिकार्बोनेटचा घुमट, दोहोंमध्ये रबरी सील आणि विशेष किल्लीशिवाय न उघडणारे स्क्रू असतात. काही नमुन्यांत हवा जाऊ देणारी पण पाणी अडवणारी पटल-झडपही असते. उन्हाने तापलेला कॅमेरा पहिल्या सरीने अचानक थंड झाला की आतली हवा आकुंचन पावते आणि सीलमधील बारीकशा फटीतूनही बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. झडपेमुळे हा दाब समतोल राहतो. झडप नसलेल्या कॅमेऱ्यात निदान ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी तरी असावी लागते, आणि कॅमेरा उघडला की ती बदलावी लागते.

डोमशी नेहमी तुलना होणारे दोन प्रकार म्हणजे नळीच्या आकाराचा 'बुलेट' आणि घुमटाविना उघड्या गोळ्याचा 'टरेट' किंवा 'आयबॉल'. टरेटला घुमट नसल्यामुळे रात्री अवरक्त प्रकाशाचे परावर्तन होत नाही. मात्र त्याचा गोळा हाताने वळवता येतो, म्हणून हाताच्या टप्प्यात तो कमी उपयोगाचा असतो.

पाणी, धूळ व आघात यांचे मानांक

पाणी व धूळ यांपासूनचे संरक्षण 'आयपी' मानांकाने दर्शवले जाते. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची व्याख्या आहे. पहिला अंक धुळीचा व दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी ६ म्हणजे धूळ अजिबात आत न जाणे. दुसऱ्या जागी ५ म्हणजे मिनिटाला १२.५ लिटर पाणी सोडणारा फवारा सहन करणे, ६ म्हणजे मिनिटाला १०० लिटरचा जोरकस झोत सहन करणे आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून राहणे. येथे एक गैरसमज सर्रास आढळतो. आयपी६७ हा आयपी६६ पेक्षा मोठा आकडा असल्यामुळे त्यात झोताची चाचणी अंतर्भूत आहे, असे मानले जाते. तसे नाही. बुडण्याची चाचणी उत्तीर्ण झालेले उपकरण झोताच्या चाचणीला उतरेलच असे मानक म्हणत नाही, म्हणूनच दोन्ही चाचण्या झालेल्या कॅमेऱ्यावर 'आयपी६६/आयपी६७' असे दोन्ही मानांक छापलेले असतात. छताजवळ बसवलेला कॅमेरा सहसा बुडत नाही. त्याच्या वाट्याला येते ती वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड, वळचणीचे पाणी आणि गोपाळकाल्याला वरच्या मजल्यावरून गोविंदांवर सोडलेला पाइप. या तिन्हींचा संबंध ५ व ६ या अंकांशी आहे.

आघातापासूनचे संरक्षण 'आयके' मानांकाने दाखवतात (आयईसी ६२२६२). आयके०८ म्हणजे ५ जूल ऊर्जेचा आघात, तर आयके१० म्हणजे २० जूल. पाच किलो वजन ४० सेंटिमीटर उंचीवरून पडल्यास साधारण एवढी ऊर्जा निर्माण होते. वीट, काठी किंवा क्रिकेटचा चेंडू यांच्यासमोर आयके१० कॅमेरा टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते. चौकात टेनिस चेंडूचे सामने रंगणाऱ्या वाडीत हा मानांक चोरापेक्षा चेंडूसाठीच अधिक उपयोगी पडतो. मात्र घुमट फुटला नाही तरी त्यावर ओरखडे पडतात, आणि ओरखडलेल्या घुमटातून रात्रीचे चित्र दुधाळ दिसते. त्यामुळे घुमट स्वतंत्रपणे विकत मिळतो की नाही, हे खरेदीपूर्वीच विचारून घेणे योग्य ठरते.

या दोन्ही मानांकांच्या चाचण्या नव्या उपकरणावर होतात. आयपी चाचणीत साधे, गोडे पाणी वापरतात. उन्हाने कडक झालेले रबर, पिवळा पडलेला घुमट आणि मिठाने खाल्लेले स्क्रू यांविषयी हे मानांक काहीच सांगत नाहीत.

मुंबई बेटावरील हवामान

कुलाबा वेधशाळेच्या नोंदीनुसार मुंबई बेटावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे झड प्रामुख्याने पश्चिम व नैर्ऋत्य दिशांनी येते. त्यामुळे एकाच चाळीच्या पूर्वेकडील गॅलरीत अंतर्गत कॅमेरा वर्षानुवर्षे चालतो आणि पश्चिमेकडील गॅलरीत पहिल्याच पावसाळ्यात निकामी होतो, असे घडू शकते. छज्ज्याची रुंदीही महत्त्वाची आहे. अर्ध्या मीटरचा छज्जा सरळ पडणाऱ्या पावसाला पुरतो, झडीला पुरत नाही. बांधकामे चालू असलेल्या जागी छपराऐवजी निळी ताडपत्री असते आणि तिच्या झोळात साठलेले पाणी वाऱ्यासरशी एकदम कोसळते. अशा ठिकाणी छपराखाली असूनही बाह्य कॅमेराच हवा.

पाऊस नसतानाही आर्द्रता टिकून राहते, आणि अंतर्गत कॅमेऱ्याचे नुकसान बहुतेक वेळा पावसाने नव्हे तर या सर्द हवेने होते. कॅमेरा सतत चालू असेल तर त्याच्या स्वतःच्या उष्णतेमुळे आत दव धरत नाही. वीज वाचवण्यासाठी दिवसा बंद आणि रात्री चालू ठेवलेला कॅमेरा लवकर धुकट होतो. वातानुकूलित पेढीच्या दाराजवळचा कॅमेरा हे याचेच दुसरे रूप. थंड झालेल्या घुमटावर दार उघडताच बाहेरची दमट हवा येते आणि काही क्षण चित्र पुसट होते. नेमके त्याच क्षणी माणूस आत शिरत असतो. असा कॅमेरा दारापासून थोडा आत, थंड हवेच्या थेट झोतापासून दूर बसवल्यास हा दोष बराच कमी होतो.

गिरगाव चौपाटी, प्रभादेवी, दादर चौपाटी व शिवाजी पार्कचा समुद्राकडील भाग येथे खाऱ्या वाऱ्याचा त्रास असतो. ॲल्युमिनियमवर पांढरे फोड येतात, साध्या लोखंडी स्क्रूंना गंज चढतो आणि सील अभंग असूनही स्क्रू सैल झाल्याने पाणी आत जाते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलपेक्षा मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रत क्षारांना जास्त दाद देत नाही. समुद्रासमोरील इमारतीसाठी ३१६ प्रतीचे स्क्रू व क्षार-फवारा चाचणी झालेले कवच पाहावे. परळ-लालबागच्या आतील गल्ल्यांत एवढ्या खर्चाची सहसा गरज नसते.

आत आणि बाहेर यांच्या मधल्या जागा

चाळी व वाड्या. गिरगावातील वाड्या, नायगाव व ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळी आणि गिरणगावातील जुन्या चाळी यांत सामाईक गॅलरी, लाकडी किंवा दगडी जिना आणि मधला चौक अशी रचना आढळते. यांपैकी जिन्याचे आतील वळण हीच खरोखर 'अंतर्गत' म्हणावी अशी जागा. पण तेथे छत बुटके असते आणि कॅमेरा सहज हाताशी येतो, म्हणून आयपी मानांक कमी असला तरी चालेल, आयके मानांक मात्र हवा. गॅलरीत उलट स्थिती असू शकते. कॅमेरा उंच बसवता आला तर आघाताची भीती कमी आणि पाण्याची जास्त असते. चौकाकडे पाहणारा कॅमेरा दोन्ही अर्थांनी बाह्य होय. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींमध्ये भिंती व तुळया जीर्ण असतात. किलोभर वजनाचा धातूचा कॅमेरा चुनखडी सुटलेल्या गिलाव्यात नुसत्या रावळप्लगवर धरत नाही. तेथे लाकडी फळी तुळईला जोडून त्यावर कॅमेरा बसवतात, किंवा हलका टरेट निवडतात. मजबूत कॅमेरा कमजोर छतावर बसवण्यात काही हशील नाही.

दुकाने व कारखाने. लालबागच्या मसाला बाजारात व चिवडा गल्लीत धूळ आणि तेलकट वाफ हे कॅमेऱ्याचे खरे शत्रू आहेत. मिरचीची पूड घुमटावर बसते, तेलामुळे चिकटते आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास घुमट ओरखडतो. येथे जागा पूर्ण बंदिस्त असूनही पहिला अंक ६ असलेला, म्हणजे धूळरोधक, कॅमेरा घ्यावा. परळ-लालबागमधील गणेशमूर्तींच्या चित्रशाळांत प्लास्टर ऑफ पॅरिसची धूळ हाच प्रश्न उभा करते. दादरच्या फूलबाजारासारख्या ठिकाणी फुलांवर सतत पाणी मारले जात असल्याने छपराखालचा कॅमेराही ओला होतो. याउलट वरच्या मजल्यावरील वकिलाचे कार्यालय, खाजगी शिकवणी, वाचनालय अशा जागी साधा अंतर्गत डोम पुरेसा असतो, आणि तेथे आयके१० घेण्याने खर्चाव्यतिरिक्त काही वाढत नाही.

उत्सवाचे मंडप. गणेशोत्सव ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पावसाळ्यातच येतो. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या लालबागच्या राजासारख्या मंडळांच्या परिसरात रांगा तासन्‌तास चालतात आणि खिसेकापू व मोबाइलचोर यांच्यावर लक्ष ठेवण्यासाठी तात्पुरते कॅमेरे बसवले जातात. मंडपाचे कापड पाणी अडवते, पण झिरपूही देते. शिवाय विसर्जनाच्या दिवशी गुलाल असतो. दहा दिवसांसाठी बसवायचे म्हणून स्वस्त अंतर्गत कॅमेरे घेण्याकडे कल असतो. पण तात्पुरत्या जोडण्यांतच पाणी सर्वांत आधी शिरते, हे लक्षात घेता बाह्य कॅमेरे भाड्याने घेणे अधिक सोयीचे पडते.

नवे मनोरे. गिरण्यांच्या जमिनींवर व पुनर्विकसित चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत मात्र उत्पादकांची विभागणी बऱ्यापैकी लागू पडते. उद्वाहन, लॉबी व बंद मार्गिका येथे अंतर्गत, तर पोडियम, गच्ची व कुंपण येथे बाह्य. अपवाद वाहनतळाचा. तेथे पाऊस नसतो, पण वाहने धुण्याचे पाणी, धूर आणि बुटके छत असते.

कबुतरांचा उल्लेख येथेच करावा लागतो. जुन्या इमारतींच्या वळचणीला बसणाऱ्या कबुतरांची विष्ठा घुमटावर पडते आणि कोणताही मानांक त्यावर उपाय सांगत नाही. कॅमेऱ्याच्या वर तिरकी पट्टी लावणे हा त्यावरचा साधा इलाज आहे.

रात्रीचे चित्र

डोम कॅमेऱ्याची मूळ उणीव रात्री दिसते. अवरक्त दिवे आणि भिंग एकाच घुमटाखाली असल्याने घुमटावरील धूळ, थेंब वा ओरखडे यांवरून प्रकाश उलटून भिंगात येतो आणि चित्रावर पांढरट पडदा पसरतो. हे टाळण्यासाठी भिंगाभोवती स्पंजचे वा रबराचे कडे असते. घुमट बसवताना ते सरकले तर नवा कॅमेराही रात्री धुके दाखवतो. बाह्य प्रकारातील घुमट जाड असल्याने हा दोष त्यात अधिक जाणवू शकतो. गॅलरीत रात्रभर दिवा जळत असेल तर अवरक्त दिवे बंद ठेवून त्याच उजेडात रंगीत चित्र घेणे पुष्कळदा चांगले ठरते. धुरकट घुमट भिंगाची दिशा लपवतो, पण प्रकाशही खातो, म्हणून अंधाऱ्या जिन्यात तो निवडू नये.

दिवसाचा प्रश्न वेगळा. लांब गॅलरीच्या टोकाला आकाश असते आणि त्यासमोरून येणारा माणूस चित्रात केवळ काळी आकृती म्हणून उमटतो. दुकानात आतून रस्त्याकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याचेही तेच होते. उजेड व सावली यांतील मोठा फरक पेलणारी 'डब्ल्यूडीआर' सोय असलेला अंतर्गत कॅमेरा अशा जागी ती सोय नसलेल्या मजबूत बाह्य कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयुक्त असतो.

चेहरा ओळखू येण्याचे अंतर

कॅमेरा टिकला, पण चेहरा ओळखू आला नाही, तर निवड फसली असेच म्हणावे लागते. आयईसी ६२६७६-४ या मानकानुसार माणूस आहे एवढे कळण्यासाठी चित्रातील प्रत्येक मीटर रुंदीला २५ पिक्सेल पुरतात. परिचित माणूस ओळखण्यासाठी १२५ आणि अनोळखी माणसाची निःसंशय ओळख पटण्यासाठी २५० पिक्सेल लागतात. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १,९२० पिक्सेल रुंद असते. म्हणजे ओळख पटण्यासाठी चित्रातील दृश्याची रुंदी ७.६८ मीटरपेक्षा जास्त नको. संवेदक ४.८ मिलिमीटर रुंद धरल्यास २.८ मिलिमीटर भिंगाने हे अंतर सुमारे साडेचार मीटर भरते, तर ६ मिलिमीटर भिंगाने सुमारे साडेनऊ मीटर. बाजारात बहुतेक डोम कॅमेरे २.८ मिलिमीटर भिंगासह दिले जातात, कारण त्यात 'सगळे दिसते'. तीस मीटर लांब गॅलरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस त्यात दिसतो, पण तो कोण हे सांगता येत नाही. गॅलरी लांब व अरुंद असल्याने चित्र उभे करणारी 'कॉरिडॉर' पद्धत वापरल्यास दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पिक्सेल वाया जात नाहीत. डोमचा गोळा तीन अक्षांवर फिरत असेल तरच हे शक्य होते.

उंचीचाही विचार करावा लागतो. कॅमेरा हाताला लागू नये म्हणून फार उंच बसवला की टोपी व केसच दिसतात. आयके१० कॅमेऱ्याचा एक कमी सांगितला जाणारा फायदा हाच की तो खाली, चेहऱ्याच्या जवळपासच्या उंचीवर बसवण्याची जोखीम पत्करता येते.

जोडणी

बाह्य कॅमेऱ्याचा मानांक कॅमेऱ्याला असतो, त्यातून लोंबणाऱ्या वायरीच्या टोकाला नसतो. मुंबईत बाह्य कॅमेरे बंद पडण्यामागे बहुतेकदा भिंतीवर उघडे सोडलेले, चिकटपट्टी गुंडाळलेले जोड असतात. ते पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये घालून बॉक्सचे तोंड खालच्या बाजूला ठेवावे आणि वायर आत येण्यापूर्वी तिला खाली झोका द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी बॉक्समध्ये न जाता झोक्यावरून गळून पडते.

जुन्या पद्धतीत डीव्हीआरपर्यंत '३+१' केबल आणि वीजपुरवठ्यासाठी १२ व्होल्टचा एसएमपीएस वापरतात. आयपी कॅमेऱ्यांत एकाच नेटवर्क केबलमधून वीज व चित्र दोन्ही जातात. ८०२.३एएफ मानकानुसार स्विच प्रत्येक कॅमेऱ्याला १५.४ वॉटपर्यंत वीज देतो आणि केबलची मर्यादा १०० मीटर असते. कॅमेरा एका कंपनीचा व रेकॉर्डर दुसऱ्या कंपनीचा असल्यास दोन्ही 'ऑनव्हिफ' सुसंगत असावेत. हिंदमातासारख्या पाणी तुंबण्याच्या परिसरात कॅमेऱ्यापेक्षा तळमजल्यावरील रेकॉर्डर, स्विच व एसएमपीएस यांना धोका अधिक असतो. महापालिकेने त्या भागात भूमिगत साठवण टाक्या बांधल्या असल्या, तरी ही उपकरणे पहिल्या मजल्यावर ठेवणे श्रेयस्कर.

साठवणुकीचा अंदाज सोपा आहे. सेकंदाला २ मेगाबिट या दराने एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट भरतो. चार कॅमेऱ्यांचे तीस दिवसांचे चित्रण सुमारे २.६ टेराबाइट होते. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने ठरवलेल्या सायबर सुरक्षेच्या अटींची पूर्तता करणे बंधनकारक आहे. तरीही कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलणे ही चूक कोणत्याही प्रमाणपत्राने भरून निघत नाही.

चित्रणाचे पुराव्यातील स्थान

चाळीतील सायकलचोरीपासून सोसायटीतील मारहाणीपर्यंत अनेक प्रकरणांत पोलीस प्रथम चित्रण मागतात. ते न्यायालयात ग्राह्य ठरण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. त्यात चित्रण असलेल्या उपकरणाचा तपशील व फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. यापूर्वीच्या कायद्यातील तत्सम कलम ६५ ब विषयीचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातूनच उद्भवला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रणावर येऊन ठेपला होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असे ठरवले की मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल आणि केवळ प्रत सादर केली असेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे.

व्यवहारात अडचण कायद्यापेक्षा घड्याळाची असते. वीज गेल्यावर कित्येक रेकॉर्डरांचे घड्याळ चुकते आणि चित्रणावरील वेळ घटनेच्या वेळेशी जुळत नाही. जुने चित्रण आपोआप पुसले जात असल्याने घटनेनंतर लगेच प्रत काढावी लागते.

गोपनीयता

चाळीतील खोलीचे दार दिवसभर उघडे असते. गॅलरीतला कॅमेरा म्हणून केवळ गॅलरी पाहत नाही. तो ओळीने दहा संसार पाहतो. सामाईक नहाणी व शौचालयाकडे जाणारी वाटही बहुधा त्याच गॅलरीतून जाते. कॅमेरा कोणीकडे वळलेला आहे हे घुमटामुळे कळत नसल्याने संशय वाढतो. बहुतेक आयपी कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग कायमचा काळा करण्याची सोय असते. दारे व खिडक्या तिने झाकता येतात, आणि झाकलेले चित्र रहिवाशांना एकदा पडद्यावर दाखवले की बरेच वाद मिटतात. घुमट पारदर्शक ठेवणे हाही त्यासाठी उपयोगी मार्ग आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. एखाद्याच्या खाजगी अवयवांचे संमतीविना चित्रण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली, तर स्त्रीच्या खाजगी कृतीचे चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. एकाच घरात राहणाऱ्या सहनिवाशाच्या संमतीविना घराच्या राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असा निर्णय कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. वाटणी न झालेल्या गिरगावातील एकत्र कुटुंबांच्या घरांना हा निर्णय थेट लागू पडण्यासारखा आहे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेला विदेचा वापर वगळला आहे. गृहनिर्माण संस्था, मंडळ किंवा दुकान यांना ही सवलत आपोआप मिळते असे धरता येत नाही. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांतील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

देखभाल

घुमट महिन्यातून एकदा पाण्याने ओल्या केलेल्या मऊ कापडाने पुसावा. स्पिरिट वा काच पुसण्याचे द्रव पॉलिकार्बोनेटला बाधतात. अवरक्त दिव्यांच्या उबेमुळे कोळी कॅमेऱ्याभोवती जाळी विणतात आणि हलणाऱ्या धाग्यामुळे रेकॉर्डर रात्रभर 'हालचाल' नोंदवत राहतो. रबरी सील मे महिन्याच्या अखेरीस, म्हणजे मोसमी पावसापूर्वी तपासावे. कडक झाले असल्यास बदलावे आणि कॅमेरा बंद करण्यासाठी कोरड्या हवेचा दिवस निवडावा, अन्यथा आत अडकलेला ओलावा पुढील चार महिने तेथेच राहतो.